रोख साहाय्य, आपत्कालीन : पाणी व स्वच्छता यांतील फलमापन

अवर्षण, महापूर, भूकंप, युद्ध इ. आपत्तींत सापडलेल्या कुटुंबांना वस्तूंऐवजी पैसा देऊन त्यांच्या गरजा भागविण्याच्या पद्धतीला आपत्कालीन रोख साहाय्य म्हणतात. हे साहाय्य मिळाल्यानंतर कुटुंबाला पुरेसे व निर्धोक पाणी मिळाले की नाही, शौचालयाचा वापर होऊ लागला की नाही आणि हात धुणे, पाणी झाकून ठेवणे यांसारख्या सवयी टिकल्या की नाही, हे ठरविण्याच्या शास्त्रीय रीतीला येथे फलमापन म्हटले आहे. वाटलेल्या रकमेचा हिशेब ठेवणे सोपे असते. त्या रकमेचे पाण्यात व आरोग्यात किती रूपांतर झाले, हे सांगणे अवघड असते. या दोहोंतील अंतर हाच या विषयाचा गाभा होय.

साहाय्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. कोणत्याही कामासाठी खर्च करता येणारी बिनशर्त रक्कम. शौचालय बांधणे वा कामावर हजर राहणे अशी एखादी अट पुरी केल्यावर मिळणारी सशर्त रक्कम. आणि ठराविक दुकानात वा ठराविक टँकरवाल्याकडेच वटणारे कूपन. पहिल्या प्रकारात कुटुंबाचे स्वातंत्र्य सर्वांत अधिक. पण पैसा नेमका कशावर खर्च झाला हे कळणे सर्वांत कठीण. कूपनाच्या बाबतीत स्थिती याच्या उलट असते. त्यामुळे साहाय्याचा प्रकार बदलला, की मापनाची रीतही बदलावी लागते.

इतिहास : रोख साहाय्य ही कल्पना अलीकडची मानली जात असली, तरी महाराष्ट्रात तिचा इतिहास जुना आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर रोख मजुरी दिली जात असे. सर रिचर्ड टेंपल यांनी ही मजुरी सुमारे एक पौंड धान्याच्या किंमतीशी निगडित करून कमी केली, तेव्हा पुणे सार्वजनिक सभेने तिला विरोध केला. वाद झाला तो धान्याच्या मापावर. मजुरीतून पोट भरते की नाही हा प्रश्न सर्वांनी विचारला. कामावरच्या छावणीत पिण्याचे पाणी कोठून येते हा प्रश्न मागे राहिला. गर्दीच्या छावण्या व दूषित विहिरी यांमुळे पटकी पसरे आणि अन्नासाठी आलेली माणसे पाण्यामुळे मरत. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांत पाण्याच्या जागांचे रक्षण व छावणीची स्वच्छता यांच्या तरतुदी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ई. एच्. हँकिन यांच्या पद्धतीने विहिरींत पोटॅशियम परमँगॅनेट टाकण्याची प्रथाही सुरू झाली. तरीही १९०० सालच्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील कामांवर पटकीने मोठी हानी केली. त्या काळी यशापयशाचे एकच माप होते, ते म्हणजे नोंदलेल्या मृत्यूंची संख्या. मृत्यू भुकेने झाला की पाण्याने, हे त्या मापातून नीट वेगळे करता येत नसे [⟶ दुष्काळ].

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयाशी सांगली जिल्ह्याचा विशेष संबंध आला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ग्रामीण रोजगाराचा एक प्रयोग झाला. त्यातूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकारास आली. १९७२–७३ च्या अवर्षणात राज्यातील दुष्काळी कामांवर ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लक्ष मजूर होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या मजुरीने लाखो कुटुंबांची क्रयशक्ती टिकविली. याच सुमारास, १९७२ साली, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली आणि कठीण खडकात विंधन विहिरी घेऊन हातपंप बसविण्याच्या कामाला वेग आला. अशा रीतीने पैसा व पाणी हे दोन्ही उपाय एकाच दुष्काळातून वाढले, पण त्यांच्या नोंदी मात्र वेगळ्या राहिल्या. मजुरीचा हिशेब हजेरीपटावर आणि पाण्याचा हिशेब विंधन विहिरींच्या यादीत. एकाच कुटुंबाच्या घरात हे दोन्ही उपाय पोहोचले काय, हे कोणत्याच नोंदवहीतून कळत नसे. १९८० नंतरच्या दशकात खानापूर तालुक्यातील मुक्ती संघर्ष चळवळीने दुष्काळी कामांतून मजुरीबरोबरच टिकाऊ पाणी निर्माण झाले पाहिजे, असा आग्रह धरला. फलमापनाचा विचार त्यात बीजरूपाने होताच.

जागतिक पातळीवर २००४ च्या हिंदी महासागरातील त्सुनामीनंतर रोख साहाय्याचा प्रसार वाढला. २०१६ साली इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत देणगीदार राष्ट्रे व साहाय्य संस्था यांनी रोख साहाय्याचे प्रमाण वाढविण्याचे ठरविले. अनेक गरजा एकाच रकमेतून भागवाव्यात, यासाठी कुटुंबाच्या किमान मासिक खर्चाची टोपली ठरवून तिच्यात अन्न, घरभाडे, इंधन यांबरोबर पाणी, साबण, पाणी साठविण्याची भांडी व मासिक पाळीच्या काळातील साहित्य यांचाही समावेश होऊ लागला. या टोपलीमुळे, पाण्यासाठी दिलेला पैसा खरोखर पाण्यावर पडतो काय, हा प्रश्न निकडीचा झाला.

सातारा व सांगली : आपत्तीची दोन टोके एकाच प्रदेशात आढळत असल्याने या जिल्ह्यांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा काही भाग व संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला; १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाला सुमारे ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ व जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांत तो सुमारे ५०० मिमी. किंवा त्याहून कमी असतो. बेसाल्टच्या थरांत पाणी मुख्यत्वे भेगांतून व झिजलेल्या भागातून साठत असल्याने विहिरी उन्हाळ्यात लवकर आटतात. याउलट कराड, वाळवा, पलूस व मिरज या तालुक्यांतील कृष्णाकाठ पुराच्या कक्षेत येतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी येथे सुमारे ५७ फुटांपर्यंत चढले. जुलै २०२१ मध्येही ते धोका पातळीच्या बरेच वर गेले. त्याच वेळी पाटण तालुक्यात दरडी कोसळून गावे उद्‌ध्वस्त झाली.

२०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने बाधित कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० व शहरी भागात १५,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यातील काही भाग हातात रोख व उरलेला बँक खात्यात द्यावयाचा होता. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत घर पाण्याखाली गेलेल्या कुटुंबाला कपडे व भांडी यांसाठी रक्कम देण्याची तरतूद असते. पिण्याच्या पाण्याचा आपत्कालीन पुरवठा हे त्यात स्वतंत्र खर्चाचे शीर्ष आहे. म्हणजे पैसा कुटुंबाकडे जातो व पाणी सार्वजनिक यंत्रणेमार्फत येते. व्यवहारात हे दोन प्रवाह घरातच एकत्र येतात, आणि म्हणून मापनही घरातच करावे लागते.

मापनाच्या पायऱ्या : साहाय्याच्या कामात चार पायऱ्या ओळखल्या जातात. पहिली आदान, म्हणजे मंजूर रक्कम; दुसरी निष्पादन, म्हणजे प्रत्यक्ष रक्कम मिळालेली कुटुंबे; तिसरी फल, म्हणजे त्या कुटुंबांच्या पाण्यात व स्वच्छतेत पडलेला फरक; आणि चौथी दूरगामी परिणाम, म्हणजे आजार व मृत्यू यांतील घट. शासकीय अहवालांत बहुधा पहिल्या दोन पायऱ्या असतात. त्यांवरून तिसरी गृहीत धरणे ही नेहमीची चूक आहे. ‘सर्व पात्र कुटुंबांना रक्कम अदा झाली’ हे विधान खरे असूनही त्याच गावातील लोक गढूळ पाणी पीत असणे शक्य असते.

रोखीच्या बाबतीत या साखळीत आणखी दोन दुवे असतात. रक्कम कुटुंबाच्या कोणत्या गरजेकडे वळली हा पहिला व ती वस्तू बाजारात मिळत होती काय हा दुसरा. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात सहज जातो. पुरातून उठलेले कुटुंब आधी अन्न आणते, मुलांची वह्यापुस्तके घेते, उधारी फेडते. पाण्यासाठी मिळालेले पैसे यात खर्च झाले, तर त्यात गैर काही नाही. मात्र पाण्याची गरज मागे राहिली, हे मापनातून दिसले पाहिजे.

पाण्याचे परिमाण : आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांनुसार (पहिली आवृत्ती २०००, चौथी २०१८) पिणे, स्वयंपाक व शरीरस्वच्छता यांसाठी माणशी दररोज किमान १५ लि. पाणी हवे. पाण्याची जागा घरापासून ५०० मी. च्या आत असावी, रांगेत ३० मिनिटांहून अधिक थांबावे लागू नये आणि एका नळावर २५० व एका हातपंपावर ५०० यांपेक्षा अधिक माणसे अवलंबून नसावीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांत मदत छावणीत पिण्यासाठी माणशी ३ लि. पाणी आणि शौच-स्नानादींसाठी निदान १५ लि. पाणी सांगितले आहे. टंचाईच्या काळात महाराष्ट्रात टँकरने माणशी २० लि. पाणी देण्याची पद्धत आहे. सामान्य काळातील ग्रामीण नळयोजनांचे माप पूर्वी ४० लि. होते, ते जल जीवन मिशनमध्ये ५५ लि. झाले. कोणत्या मापाशी तुलना केली, हे अहवालात स्पष्ट नसेल, तर तोच आकडा यशही दाखवितो व अपयशही.

घरातील पाणी मोजण्याची सोपी रीत म्हणजे आदल्या दिवशी आणलेल्या हंडे, घागरी व कॅन यांची संख्या विचारून प्रत्येकाचे आकारमान प्रत्यक्ष पाहणे. ‘पाणी पुरते काय?’ या प्रश्नाचे उत्तर सवयीवर अवलंबून असते. वर्षानुवर्षे टंचाई सोसलेले कुटुंब १० लिटरांनाही पुरेसे म्हणते. दुष्काळी तालुक्यांत जनावरांचे पाणी वेगळे काढणे अगत्याचे असते. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी १५ लि. प्रमाणे ७५ लि. लागतात, दावणीला दोन म्हशी असतील, तर प्रत्येकी ४० लि. धरले, तरी त्यांना ८० लि. लागतात. ही वजाबाकी केली नाही, तर कुटुंबाला मिळणारे पाणी कागदावर दुपटीहून अधिक दिसते. चारा छावणीत जनावरे गेली, की याच कुटुंबाचे आकडे एकाएकी घसरतात. प्रत्यक्षात माणसांच्या वाट्याच्या पाण्यात काहीच फरक पडलेला नसतो.

सरासरीनेही फसगत होते. दहा कुटुंबांपैकी पाच कुटुंबांना माणशी २५ लि. व पाच कुटुंबांना ७ लि. पाणी मिळत असेल, तर सरासरी १६ लि. येते व ती मानकाहून अधिक ठरते; पण निम्मी कुटुंबे तहानलेलीच असतात. म्हणून सरासरीऐवजी मानक गाठलेल्या कुटुंबांचे शेकडा प्रमाण द्यावे आणि वाड्या-वस्त्या, भूमिहीन, स्त्री-कुटुंबप्रमुख असलेली घरे इत्यादींची विभागणी करून ते दाखवावे, असा संकेत आहे.

पाण्यावरील खर्च हा रोख साहाय्यातील सर्वांत लोकप्रिय दर्शक असला, तरी त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. समजा, पाच माणसांचे कुटुंब केवळ पिण्यासाठी माणशी ३ लि. पाणी विकत घेते. महिन्याला ४५० लि., म्हणजे २० लिटरांचे सुमारे साडेबावीस जार होतात. जार ३० रुपयांना असेल, तर खर्च ६७५ रु. आणि पूरकाळात भाव दुप्पट झाला, तर १,३५० रु. होतो. खर्च दुपटीने वाढूनही पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो. उलट, गावची नळयोजना पूर्ववत सुरू झाली, की हा खर्च जवळजवळ शून्यावर येतो आणि पाणी मात्र वाढते. यास्तव खर्चाचा आकडा नेहमी पाण्याचे परिमाण व बाजारभाव या दोन आकड्यांच्या जोडीनेच वाचावा.

पाण्याची गुणवत्ता : पाणी निर्धोक आहे की नाही, हे ग्राहकाला डोळ्यांनी दिसत नाही. धान्यातील खडे व कीड दिसते. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातील आमांशाचे वा पटकीचे जंतू दिसत नाहीत. त्यामुळे हाती पैसा असलेले कुटुंबही दूषित पाणी विकत घेण्याची शक्यता असते. कुटुंबाच्या निवडीवर विसंबून गुणवत्ता गृहीत धरता येत नाही. तिची चाचणी घ्यावीच लागते.

क्लोरीन मिसळलेल्या पाण्यात वितरणाच्या ठिकाणी दर लिटरला ०·२ ते ०·५ मिग्रॅ. मुक्त अवशिष्ट क्लोरीन असावा, असे मानक आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक टी. सी. एल्. (ब्लीचिंग) पावडर वापरल्यानंतर ऑर्थोटोलिडिनची ओ. टी. चाचणी घेतात, पाण्याला पिवळी छटा आली, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. जुनी, उघडी राहिलेली पावडर निःसत्त्व होते. त्यामुळे ‘पावडर टाकली’ ही नोंद व ‘क्लोरीन आढळला’ ही नोंद या दोन वेगळ्या गोष्टी होत. पुराच्या गढूळ पाण्यात क्लोरीन सेंद्रिय द्रव्यांत खर्ची पडतो, म्हणून आधी पाणी निवळून घेणे आवश्यक असते. जंतुदूषणाच्या प्राथमिक तपासणीसाठी ग्वाल्हेर येथील संशोधक मांजा, मौर्य व राव यांनी १९८२ साली मांडलेली हायड्रोजन सल्फाइड चाचणी उपयुक्त आहे. तीत दूषित पाण्याने भरलेली कुपी एक-दोन दिवसांत काळी पडते. ही चाचणी प्रयोगशाळेतील ई. कोलाय परीक्षेची जागा घेत नाही. पण प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता पाण्याखाली असताना तिचे मोल मोठे असते. राज्यात ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठ्याची स्वच्छताविषयक तपासणी करून जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. आपत्तीपूर्व स्थितीचा तो एक तयार आधार ठरतो.

नमुना कोठे घ्यावा, हेही महत्त्वाचे आहे. उगमापाशी शुद्ध असलेले पाणी वाहतुकीत व साठवणीत दूषित होते, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. उघड्या पिंपात बुडविलेला हात वा ओगराळे नसल्याने वापरलेला पेला त्यास कारण होतो. म्हणून एक नमुना उगमाचा व दुसरा घरातील पिण्याच्या भांड्यातील, असे दोन्ही घ्यावेत. उगम शुद्ध व घरातील पाणी दूषित आढळले, तर झाकणाची भांडी व सवयी यांकडे लक्ष द्यावे. दोन्ही दूषित असतील, तर कुटुंबाला अधिक पैसे देऊन उपयोग नाही, योजना दुरुस्त केली पाहिजे.

स्वच्छता : शौचालयाच्या बाबतीत पैशाचा उपाय आणखी मर्यादित ठरतो. एका घराने शौचालय बांधले, पण शेजारच्या दहा घरांची घाण ओढ्यात जात राहिली, तर त्या घराचेही संरक्षण होत नाही. स्वच्छता हे अंशतः सार्वजनिक हित असल्याने व्यक्तिगत खरेदीतून ते पूर्णपणे साधत नाही. कृष्णाकाठी पूर ओसरल्यावर शोषखड्डे व मलटाक्या गाळाने भरतात, विहिरींत मैला मिसळतो. हे उपसण्याचे काम प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे करणे अशक्यप्राय असते. मानकांनुसार आपत्तीच्या पहिल्या टप्प्यात ५० माणसांमागे व नंतर २० माणसांमागे एक शौचकूप असावा आणि तो राहत्या जागेपासून ५० मी. च्या आत असावा. राष्ट्रीय निकष मदत छावणीत ३० माणसांमागे एक असा आहे. संख्येबरोबर कडी, दिवा, पाणी व स्त्रियांसाठी वेगळी सोय यांची नोंद घ्यावी लागते. अंधारात जाण्याच्या भीतीने स्त्रिया दिवसभर पाणी पिणे टाळीत असतील, तर संख्या पुरी असूनही फल शून्यच होय.

या बाबतीत सामान्य काळातील अनुभव मार्गदर्शक ठरतो. २०००–०१ मध्ये सांगली जिल्ह्यातीलच आर्. आर्. पाटील हे ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यात रकमेपेक्षा गावाच्या सामुदायिक श्रमाला व स्पर्धेला महत्त्व होते. पुढे स्वच्छ भारत अभियानात वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रु. प्रोत्साहन मिळू लागले. २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीण या पाहणीत सातारा जिल्ह्याला देशात पहिला क्रमांक मिळाला. अशा सर्वेक्षणांत केवळ बांधकामांची मोजणी न करता प्रत्यक्ष निरीक्षण व लोकांची मते यांनाही गुण ठेवले होते. शौचालय असणे व ते घरातील सर्वांनी वापरणे हे दोन दर्शक वेगळे ठेवले पाहिजेत, हा त्यातील धडा आपत्कालीन साहाय्यालाही लागू पडतो. पायवाट मळलेली आहे काय, पाणी व झाडू जवळ आहे काय, आत सरपण रचलेले तर नाही ना, अशा खुणांवरून वापराचा अंदाज घेता येतो.

हात धुण्याविषयी थेट प्रश्न विचारला, तर जवळजवळ प्रत्येक जण होकारार्थी उत्तर देतो. म्हणून ‘हात धुण्याची जागा दाखवा’ असे सांगून तेथे पाणी व साबण दोन्ही आहेत काय, हे पाहतात. मानकांनुसार माणशी दरमहा अंगाचा २५० ग्रॅ. व कपड्यांचा २०० ग्रॅ. साबण लागतो, पाच जणांच्या घराला तो सव्वादोन किग्रॅ. होतो. घरात असलेल्या वड्या पाहिल्या, की सांगितलेल्या खर्चाची पडताळणी होते.

बाजारपेठेची स्थिती : रोख रक्कम उपयोगी पडण्यासाठी विकत घेण्याजोगी वस्तू जवळ असावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे ५ लक्ष लि. पाणी गेले. लातूरकरांच्या हाती पैसा नव्हता असे नाही. जवळपास पाणीच नव्हते. त्याच उन्हाळ्यात ज्या सांगली जिल्ह्यातून हे पाणी जात होते, त्याच्या पूर्व भागातील गावे टँकरवर अवलंबून होती. अशा वेळी सर्वांना पैसे वाटले, तर थोड्या टँकरांसाठी अधिक ग्राहक उभे राहून भाव चढतो आणि साहाय्य न मिळालेल्या कुटुंबांचे नुकसान होते. म्हणून साहाय्यापूर्वी व नंतर दर आठवड्यास टँकर, जार, साबण, झाकणाची भांडी व क्लोरीनचे द्रावण यांचे भाव, साठा व विक्रेत्यांची संख्या नोंदवितात. भाव न वाढता विक्री वाढली, तर बाजार साहाय्य पेलू शकतो. भाव वाढून विक्री तेवढीच राहिली, तर तेथे पैशाऐवजी पाणीच पोहोचविले पाहिजे. याउलट साबण, भांडी यांसारख्या वस्तू सांगली, मिरज, कराड अशा व्यापारी पेठांतून पूर ओसरताच मिळू लागतात. त्यांच्यासाठी रोख साहाय्य सोयीचे असते.

श्रेयनिश्चिती : साहाय्यानंतर स्थिती सुधारली, एवढ्यावरून साहाय्यामुळे सुधारली असे म्हणता येत नाही. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेणाऱ्या टेंभू, ताकारी व म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे आवर्तन सुटले, की तलाव भरतात व आसपासच्या विहिरींना पाझर येतो. ज्या महिन्यात रक्कम वाटली, त्याच महिन्यात आवर्तन आले, तर पाण्यासाठी लागणारा वेळ घटल्याचे श्रेय चुकून रकमेला मिळते. जूनमधील पहिल्या पावसानेही असाच भास निर्माण होतो. उलटपक्षी, मे महिन्यात टंचाई वाढत जात असताना साहाय्यामुळे स्थिती केवळ टिकून राहिली, तरी तो खरा लाभ असतो. पण आधीच्या व नंतरच्या आकड्यांत फरक न दिसल्याने साहाय्य निष्फळ ठरते.

हे टाळण्याचा मार्ग म्हणजे तुलना-गट. आपत्तीत सापडलेल्यांना अभ्यासासाठी साहाय्यापासून वंचित ठेवणे नीतीला धरून नाही. परंतु निधी टप्प्याटप्प्याने येत असेल, तर आधी रक्कम मिळालेली गावे व नंतर मिळणारी गावे यांची मधल्या काळात तुलना करता येते. एकाच कालव्यावरील वा एकाच पर्जन्यपट्ट्यातील गावे निवडली, तर बाह्य कारणांचा प्रभाव दोन्हीकडे सारखा राहतो.

नमुना पाहणी : एखादे प्रमाण दहा टक्के कमी-अधिक अचूकतेने व ९५ टक्के विश्वासपातळीवर काढण्यासाठी यादृच्छिक पद्धतीने निवडलेली सुमारे ९६ कुटुंबे पुरतात. गावांचे पुंज करून निवड केल्यास एकाच गावातील कुटुंबे परस्परांसारखी असल्याने ही संख्या साधारण दुप्पट, म्हणजे १९२ धरतात. अतिसाराचा प्रश्न याहून वेगळा आहे. पाच वर्षांखालील मुलांत मागील दोन आठवड्यांतील अतिसाराचे प्रमाण १० टक्क्यांवरून ७·५ टक्क्यांवर आले, हे खात्रीने दाखविण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे २,००० मुले लागतात. पुंज पद्धतीत त्याहूनही अधिक. शिवाय ऋतुमान, आईची स्मरणशक्ती व अतिसाराची व्याख्या यांमुळे आकडे हलतात. त्यामुळे लहान प्रमाणावरील साहाय्याचे मूल्यमापन आजारांच्या आकड्यांवर करू नये. पाण्याचे परिमाण, क्लोरीन, साठवण, वापर या मधल्या दुव्यांवर करावे आणि आजारांची माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदींतून साथीचा इशारा म्हणून वापरावी, हे अधिक योग्य ठरते.

प्रश्न कोणाला विचारले, यावरही निष्कर्ष बदलतो. बँक खाते बहुधा पुरुषाच्या नावे असते व पाणी स्त्रिया भरतात. रक्कम कशावर खर्च झाली हे एकाला ठाऊक, हंडे किती लागले हे दुसरीला. दोघांशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. पाण्यासाठी गेलेला वेळ हा स्वतंत्र दर्शक मानावा. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणी कार्यक्रमात जाऊन-येऊन रांगेसह ३० मिनिटांची मर्यादा मूलभूत सेवेसाठी धरली आहे. वाचलेल्या वेळात मुलगी शाळेत जाऊ लागली, तर तोही साहाय्याचा लाभ होय. ऊसतोडीसाठी वा मजुरीसाठी स्थलांतर केलेली कुटुंबे गावच्या यादीत असूनही पाहणीत सापडत नाहीत. त्यांना वगळल्यास उरलेल्यांची स्थिती आहे त्याहून बरी दिसते.

मर्यादा व उपयोग : आजवरच्या अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. बाजारात वस्तू उपलब्ध असताना पाण्याचे परिमाण व साबणासारख्या वस्तू मिळविण्यास रोख रक्कम व कूपने उपयोगी पडतात. पाण्याची शुद्धता, मैल्याची विल्हेवाट व सवयी यांसाठी केवळ रोख रक्कम पुरत नाही. तिला सार्वजनिक पुरवठ्याची दुरुस्ती, क्लोरीनीकरण, गाळ-मैला उपसणे व आरोग्यशिक्षण यांची जोड द्यावी लागते. म्हणून फलमापनाचा उद्देश रोख साहाय्य चांगले की वाईट, असा निवाडा देण्याचा नसतो. कोणत्या गावात पैसा द्यावा, कोठे टँकर पाठवावा व कोठे बुडालेली जॅकवेल आधी सुरू करावी, हे वेळेवर ठरविता यावे, हा त्याचा उद्देश असतो. त्यासाठी पाहणी लहान, पुनःपुन्हा होणारी व स्थानिक माणसांना करता येईल अशी असावी लागते. आशा कार्यकर्ती, जलसुरक्षक व ग्रामसेवक यांच्याकडे असलेल्या नोंदी साहाय्याच्या यादीशी जुळविल्या, तर फार मोठा खर्च न करता हे काम होऊ शकते. कुटुंबांची नावे, खाती व आजार यांची माहिती अशा जुळणीत एकत्र येत असल्याने तिची गुप्तता राखणे बंधनकारक आहे. तसेच पाहणीचे निष्कर्ष ग्रामसभेत मांडले जाणे इष्ट असते. आपल्या विहिरीचे पाणी दूषित आढळले, हे कळण्याचा पहिला हक्क ते पाणी पिणाऱ्यांचा असतो.